कोवळ्या कोंबाची राखण : ऑर्किड आणि पावसाळ्यातील कूज

दुकानाचे उद्घाटन, गृहप्रवेश, लग्नाचा वाढदिवस किंवा दिवाळीची भेट अशा निमित्ताने पुष्पगुच्छाऐवजी ऑर्किडची कुंडी देण्याची पद्धत आता शहरांतील व्यापारी कुटुंबांत चांगलीच रुळली आहे. पांढऱ्या किंवा जांभळ्या फुलांचा तो तुरा कित्येक आठवडे टिकतो. फुले गळून गेल्यावर कुंडी दिवाणखान्यातून गॅलरीत जाते. तेथे घरातील कोणीतरी, बहुधा दुकानाचा भार मुलांवर सोपवलेले आजोबा किंवा झाडांची आवड असलेल्या सूनबाई, तिला नियमाने पाणी घालू लागतात. काही महिन्यांनी बुडाशी हिरवा, टोकदार कोंब दिसतो आणि झाड आपल्या हाताला आले याचे समाधान साऱ्या घराला होते. मग मृगाचा पाऊस येतो, आषाढातील झड लागते आणि एके सकाळी तोच कोंब काळपट व पाणावलेला दिसतो. बोट लावताच तो अलगद निसटून हातात येतो.

पुष्कळ घरांत ऑर्किडची कहाणी येथेच संपते. ‘हे झाड आपल्या हवेत जगतच नाही’ असा निष्कर्ष काढून कुंडी रिकामी केली जाते. वास्तविक हवेचा दोष फार थोडा असतो. भारतात ऑर्किडच्या बाराशेहून अधिक जाती निसर्गतः आढळतात, त्यांतील कितीतरी सह्याद्रीच्या मुसळधार पावसातच वाढतात आणि फुलतात. जंगलातील झाडाला जो पाऊस जीवन देतो तोच गॅलरीतील झाडाचा कोंब का कुजवतो, हे एकदा नीट समजले की नव्या फुटीची राखण करणे अवघड राहत नाही.

एका कोंबाचे मोल

ऑर्किडच्या वाढीच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. कॅटलिया, डेंड्रोबियम, ऑन्सिडियम यांसारखी झाडे आडवी सरकत वाढतात. त्यांच्या आडव्या खोडावर दरवर्षी एखाद-दुसरा नवा कोंब फुटतो. तो वाढून जाड, पाणी व अन्न साठवणारा दांडा किंवा कंदासारखा भाग बनतो आणि त्यावर फुले येतात. कॅटलियामध्ये असा प्रत्येक कंद बहुधा एकदाच फुलतो. म्हणजे यंदाचा कोंब हाच पुढच्या बहराचा आधार होय. जुने कंद हे साठवलेले भांडवल, तर नवा कोंब ही त्या भांडवलातून उभी राहणारी नवी पेढी. पेढी बुडाली की वर्षाची कमाई गेलीच, शिवाय बुडीत खात्याची झळ मागे सरकत भांडवलालाही लागते, कारण कोंबातील कूज आडव्या खोडातून जुन्या कंदांपर्यंत पोहोचू शकते.

फॅलेनॉप्सिस, व्हँडा आणि आपल्याकडील सीतेची वेणी यांची तऱ्हा वेगळी आहे. ही झाडे एकाच शेंड्याने सरळ वाढतात. पानांच्या मधोमध असलेल्या गाभ्यातूनच नवे पान निघते, वाढीचा दुसरा मार्ग सहसा उघडा नसतो. शेतकरी ज्याला पोगा म्हणतो तसाच हा भाग. तो कुजला तर झाडाची वरची वाढ कायमची थांबते. क्वचित बुडाजवळून किंवा फुलाच्या जुन्या दांड्यावरून पिल्लू फुटते, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून आडव्या वाढीच्या ऑर्किडमध्ये कोंब कुजणे हे एका वर्षाचे नुकसान असते, तर सरळ वाढीच्या ऑर्किडमध्ये शेंडा कुजणे हे सहसा संपूर्ण झाडाचे नुकसान ठरते.

कूज कोवळ्या भागातच का शिरते?

जुने पान चिवट असते. त्यावर मेणचट थर असतो आणि आतील पेशींच्या भिंती जाड झालेल्या असतात. कोवळ्या कोंबाला यांपैकी कोणतेही कवच अद्याप मिळालेले नसते. पेशी वेगाने वाढत असतात, भिंती पातळ असतात आणि आत पाण्याचे प्रमाण भरपूर असते. त्यातच कोंबाची ठेवण द्रोणासारखी असते. एकात एक बसलेल्या पानांच्या बेचक्यात आणि त्यांना वेढणाऱ्या पापुद्र्यांच्या आत पावसाचे थेंब जाऊन बसतात. बाहेरून झाड कोरडे दिसत असले तरी आत चमचाभर पाणी दोन-दोन दिवस साचून राहते.

यामागे आणखी एक सूक्ष्म कारण आहे. वनस्पतींच्या पेशी पेक्टिन नावाच्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. पेरूची जेली ज्या पदार्थामुळे घट्ट होते तोच हा पदार्थ. मऊ कूज घडवणारे जिवाणू हे पेक्टिन विरघळवतात आणि मग पेशींची भिंत न फोडताही सारा कोंब लगद्यासारखा होतो. कॅल्शियम या पेक्टिनला बळकटी देते. मात्र कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढते, आणि एकदा जुन्या पानात स्थिरावले की तेथून काढून नव्या पानाला देण्याची सोय झाडापाशी जवळजवळ नाही. पावसाळी दमट हवेत पानांतून होणारे बाष्पीभवन मंदावते, प्रवाह संथ होतो आणि नेमक्या त्याच काळात नव्या कोंबाला कॅल्शियम अपुरे पडते. त्यामुळे नव्या पानाचे टोक काळे पडते आणि त्या मृत टोकातून पुढे कूज आत शिरते. जुनी पाने निरोगी असून केवळ नव्या पानांची टोके काळी पडत असतील, तर रोगाआधी पोषणाचा विचार करावा.

शत्रूंची ओळख

‘कूज’ हा शब्द एक असला तरी ती घडवणारे निरनिराळे आहेत. त्यांची ओळख पटल्याशिवाय केलेला उपाय बहुधा वाया जातो.

पहिली काळी कूज. ती फायटोप्थोरा आणि पिथियम या सूक्ष्म जीवांमुळे होते. कोंबाच्या बुडाशी जांभळट तपकिरी डाग पडतो, तो काळा होत वर चढतो आणि त्याच्या कडेला कधी पिवळसर रेघ दिसते. फायटोप्थोरा हे नाव जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८७६ मध्ये दिले आणि त्याचा अर्थच ‘वनस्पतींचा नाश करणारा’ असा आहे. १८४५ पासून आयर्लंडमधील बटाट्याचे पीक नष्ट करून सुमारे दहा लाख लोकांचा बळी घेणाऱ्या दुष्काळास याच कुळातील एक जात कारणीभूत होती. कोकणातील बागायतदारांना हा शत्रू वेगळ्या नावांनी परिचित आहे. माडाचा कोंब कुजणे आणि सुपारीवरील कोळे रोग या दोन्हींमागे फायटोप्थोराच्याच जाती असतात. माडाचा कोंब कुजवणारी पाल्मिव्होरा ही जात ऑर्किडवरही आढळते. हे जीव बुरशीसारखे दिसले तरी शास्त्रीय दृष्टीने खऱ्या बुरशीत मोडत नाहीत. त्यांचे बीजाणू सूक्ष्म शेपट्यांच्या साहाय्याने पाण्यात पोहत जातात. म्हणजे पानावर पाण्याचा पातळ थर असेल तरच त्यांना प्रवास करता येतो, पान कोरडे असेल तर त्यांचा मार्ग बंद होतो. प्रतिबंधाची सारी गुरुकिल्ली याच एका गोष्टीत आहे.

दुसरी जिवाणूंची मऊ कूज. हिचा वेग भयंकर असतो. संध्याकाळी निरोगी दिसलेला कोंब दोन दिवसांत पाणचट, अर्धपारदर्शक आणि लिबलिबीत होतो. दाबल्यास घाण वास येणारा द्रव बाहेर पडतो. हे जिवाणू खरचटलेल्या जागेतून, कीड किंवा गोगलगाईने कुरतडलेल्या भागातून आत शिरतात आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर शेजारच्या कुंडीत जातात. फॅलेनॉप्सिसच्या पानावर पाण्याने भरल्यासारखा दिसणारा डाग पडून तो झपाट्याने तपकिरी होत शेंड्याकडे सरकतो, तेही जिवाणूंचेच काम असते.

तिसरा प्रकार खऱ्या बुरशींचा. उष्ण व ओलसर हवेत बुडाशी पांढरे तंतू आणि मोहरीच्या दाण्यांसारखे बारीक तपकिरी गोळे दिसले, तर ती स्क्लेरोशियम नावाची बुरशी होय. फ्युझेरियम ही दुसरी बुरशी संथ असते. झाड महिनोन्महिने निस्तेज होत जाते आणि आडवे खोड कापून पाहिल्यास आत जांभळट कडे दिसते.

थोडक्यात, वास आणि वेग पाहावा. घाण वास व अतिवेग असेल तर जिवाणू, वासाविना काळेपणा चढत असेल तर बहुधा काळी कूज, आणि संथ ऱ्हास असेल तर फ्युझेरियम असण्याची शक्यता अधिक.

प्रत्येक डाग रोगाचा नसतो, हेही येथेच सांगावयास हवे. कित्येक ऑर्किडच्या नव्या कोंबावर मधासारखे चिकट थेंब दिसतात. तो झाडाचा स्वाभाविक गोड स्राव असतो. ओल्या कापडाने तो हलकेच पुसून घेतला की मुंग्याही येत नाहीत. तसेच भरपूर उजेडात वाढणाऱ्या कोंबावर जांभळट झाक येते. ती कडक, कोरडी आणि सर्वत्र सारखी असेल तर चिंता करू नये.

रानातील धडा

सीतेची वेणी ही सह्याद्रीत आणि ईशान्य भारतात आढळणारी ऑर्किड आंबा, फणस यांसारख्या झाडांच्या फांद्यांवर वाढते. तिच्या जागेचे नीट निरीक्षण केले तर तीन गोष्टी ध्यानात येतात. तिचे खोड तिरके किंवा खाली झुकलेले असते, त्यामुळे शेंड्यात पाणी ठरत नाही. तिची मुळे उघडी असतात. मुळांवरील पांढरट, स्पंजासारखे वेष्टन पावसाचे पाणी चटकन शोषून घेते आणि पाऊस थांबताच वाऱ्याने कोरडे होऊ लागते. आणि फांदीवर वारा सतत खेळता असतो. फॅलेनॉप्सिसही तिच्या मूळ प्रदेशात झाडाच्या खोडावर, पाने खाली लोंबकळत राहतील अशीच वाढते.

आपण मात्र हेच झाड कुंडीत सरळ उभे करतो. गाभा आकाशाकडे उघडा राहतो, मुळे ओल्या मिश्रणात कोंडली जातात आणि गॅलरीच्या कोपऱ्यात वाऱ्याची झुळूकही पोहोचत नाही. पाऊस तोच असतो, परंतु पाणी निघून जाण्याची वाट आपण बंद केलेली असते. म्हणून राखणीची सूत्रे दोनच : पाणी थांबू द्यावयाचे नाही आणि वारा अडू द्यावयाचा नाही.

पाणी केव्हा आणि किती

पाणी नेहमी सकाळी, शक्यतो नऊच्या आत द्यावे. सूर्य मावळण्यापूर्वी पाने व कोंब पूर्ण कोरडे झाले पाहिजेत. रात्री पाने थंड होतात, हवेतील बाष्प त्यांच्यावर जमते, आणि आधीच ओल्या असलेल्या कोंबाला ते घातक ठरते. दुकान बंद करून घरी परतल्यावर रात्री झाडांना पाणी घालण्याची सवय अनेक घरांत असते. पावसाळ्यापुरती तरी ती सोडावी.

पाणी बुडाशी, मिश्रणावर घालावे, कोंबावर ओतू नये. शेंड्यात किंवा बेचक्यात पाणी गेलेच, तर देवापुढील निरांजनासाठी वळतो तशी कापसाची वात करून तिचे टोक त्या पाण्यात टेकवावे. वात पाणी ओढून घेते आणि कोंबाला धक्का लागत नाही.

कोंब नुकताच फुटला असताना भरपूर पाणी देण्याचा मोह अनेकांना होतो. त्या वेळी कोंबाला स्वतःची मुळे नसतात, त्याचे पोषण जुन्या कंदातील साठ्यावर चालते. मिश्रण सतत ओले ठेवल्याने कोंबाला लाभ होत नाही, केवळ बुडाशी ओल राहते. नवी मुळे फुटून दोन बोटे लांब होईपर्यंत हात आखडता ठेवावा, त्यानंतर पाणी हळूहळू वाढवावे. हिवाळ्यात पाने गाळून विश्रांती घेणाऱ्या कॅटासेटमच्या बाबतीत तर हा नियम विशेष कटाक्षाने पाळावा लागतो.

पाण्याच्या जातीकडेही लक्ष द्यावे. अनेक घरांत आता आरओ यंत्राचे पाणी असते आणि शुद्ध म्हणून तेच झाडांनाही दिले जाते. या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ राहिलेले नसते. केवळ तेच पाणी वर्षानुवर्षे दिल्यास नव्या पानांची टोके काळी पडणे स्वाभाविक आहे. साधे नळाचे पाणी फार खारट किंवा जड नसेल तर ऑर्किडला ते चालते. अन्यथा लिटरमागे अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून पंधरवड्यातून एकदा सकाळी द्यावे. हे खत फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या खतांच्या दाट द्रावणात मिसळू नये, साका होऊन दोन्ही वाया जातात.

वारा, उजेड आणि अन्न

कुंड्या एकमेकींना खेटून ठेवू नयेत. दोन झाडांची पाने एकमेकांना लागणार नाहीत इतके अंतर असावे. त्यामुळे वारा फिरतो आणि एका झाडावरील थेंब दुसऱ्यावर उडत नाहीत. कुंड्या जमिनीवर न ठेवता जाळीच्या मांडणीवर ठेवाव्यात किंवा टांगाव्यात. एकावर एक टांगल्यास वरच्या झाडाचे पाणी खालच्या झाडाच्या गाभ्यात ठिबकते, हे विसरू नये. कोंडलेल्या गॅलरीत लहान पंखा मंद गतीने चालू ठेवणे हा खर्चिक वाटणारा पण सर्वांत परिणामकारक उपाय आहे. झडीच्या दिवसांत तो रात्रीही चालू ठेवावा. वारा थेट झाडावर आदळू नये, हवा हलती राहिली म्हणजे पुरे.

नव्या, कोवळ्या कोंबाच्या झाडांवर पावसाळ्यात पारदर्शक पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे छप्पर असावे. बाजू मात्र मोकळ्या ठेवाव्यात. चहूबाजूंनी प्लॅस्टिक लावल्यास आत वाफ कोंडते आणि ज्यापासून वाचावयाचे तेच घडते. सुपारीच्या घडांना पावसाळ्यापूर्वी आच्छादन बांधण्याची बागायतदारांची जुनी पद्धत याच अनुभवातून आली आहे. पूर्ण वाढलेल्या, फळीवर किंवा ओंडक्यावर बांधलेल्या व्हँडा आणि डेंड्रोबियमसारख्या झाडांना उघड्यावरचा पाऊस सहसा मानवतो. छप्पर कोंबासाठी आहे, साऱ्या बागेसाठी नव्हे.

ढगाळ दिवसांत उजेड घटतो आणि कोंब लांबट, फिकट व लुसलुशीत होतो. म्हणून उन्हाळ्यात बांधलेले हिरव्या जाळीचे दुहेरी आवरण जूनमध्ये उतरवून एकेरी करावे. खतातही संयम हवा. नत्र अधिक दिल्यास कोंब भराभर वाढतो, दिसावयास टवटवीत असतो, पण आतून ठिसूळ राहतो. उसनवारीवर फुगवलेल्या धंद्यासारखीच ही वाढ पहिल्या संकटात कोसळते. पावसाळ्यात खताची मात्रा निम्मी करावी आणि नत्राच्या तुलनेत पालाश अधिक असलेले खत वापरावे.

कुंडी आणि मिश्रण

ऑर्किडला माती चालत नाही. लोणारी कोळसा, भाजलेल्या विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे हे मिश्रण आपल्या हवेत चांगले चालते. पाऊस जास्त असलेल्या भागात सोडणाचे प्रमाण कमी आणि कोळसा व वीट अधिक ठेवावी. सोडण साधारण दोन वर्षांत कुजून भुसा होते, भुशातील हवेच्या पोकळ्या बुजतात आणि बूड सतत ओले राहते. त्यामुळे मिश्रण वेळेवर बदलावे. ते बदलण्यास नवी मुळे फुटू लागण्याचा काळ, म्हणजे बहुतेक जातींत फेब्रुवारी ते मे, योग्य असतो. ऐन पावसात हे काम करू नये, कारण मुळांना झालेल्या जखमा ओल्या हवेत भरत नाहीत.

लावताना कोंबाचे बूड मिश्रणात गाडू नये. आडवे खोड मिश्रणावर टेकलेले आणि कोंबाचा उगम उघडा दिसला पाहिजे. झाड हलत असेल तर काडीचा आधार द्यावा, खोल पुरून स्थिर करू नये. फॅलेनॉप्सिस कुंडीत किंचित तिरकी लावल्यास गाभ्यातील पाणी आपोआप बाहेर पडते.

भेट म्हणून आलेल्या कुंडीची एक विशेष तपासणी करावी. अशी झाडे बहुधा स्फॅग्नम शेवाळात घट्ट बसवलेली असतात आणि बाहेरून छिद्र नसलेली शोभेची कुंडी असते. त्या कुंडीच्या तळाशी पाणी साचते. फुले असेपर्यंत ती शोभा ठेवावी, पण पाणी घालताना आतील कुंडी बाहेर काढून पूर्ण निथळू द्यावी. फुले गेल्यावर बाहेरची कुंडी दूर करावी आणि योग्य काळ येताच शेवाळ बदलून मोकळे मिश्रण घालावे.

कॅटलियाच्या कोंबाभोवतीचे कागदी पापुद्रे पूर्ण वाळल्यावर वरून दोन भागांत चिरून हलकेच खाली ओढावेत. हिरवे असताना ओढल्यास खालचा डोळा दुखावतो. गोगलगायी रात्री कोवळे कोंब कुरतडतात आणि त्या जखमांतून जिवाणू शिरतात. काकडीचा काप किंवा पालेभाजीचे पान कुंडीजवळ ठेवल्यास त्या तेथे जमतात. विजेरीच्या उजेडात त्यांना अलगद उचलून दूरच्या झाडीत सोडावे.

कूज दिसलीच तर

सारी काळजी घेऊनही एखादा कोंब कुजू शकतो. अशा वेळी विलंब हाच मोठा तोटा असतो. ‘उद्या पाहू’ म्हणण्यात एका रात्रीत कूज आडव्या खोडात पोहोचते.

कुंडी ताबडतोब इतर झाडांपासून दूर, कोरड्या व वारा असलेल्या जागी न्यावी आणि पाणी बंद करावे. धारदार पाते ज्योतीवर तापवून निर्जंतुक करावे आणि थंड होऊ द्यावे. कुजलेला कोंब केवळ काळ्या भागापर्यंत कापणे पुरेसे नाही. जेथून निरोगी हिरवा-पांढरा भाग सुरू होतो त्याच्याही पुढे एक-दोन सेंटीमीटर काप घ्यावा. कापलेल्या पृष्ठभागावर तपकिरी छटा दिसली तर आणखी मागे जावे. प्रत्येक कापानंतर पाते पुन्हा तापवावे. ही शिस्त सुटली तर आपणच रोग पुढे नेतो.

येथे मन कचरते. वर्षभर वाट पाहून आलेला कोंब, त्यासोबत निरोगी दिसणारा कंदही कापणे जिवावर येते. बुडणाऱ्या सौद्यात आणखी रक्कम ओतत राहण्याऐवजी वेळीच तोटा मान्य करून उरलेले भांडवल वाचवणे हाच शहाणपणा, हे व्यापारी घरांना निराळे सांगावयास नको. जुन्या कंदांच्या बुडाशी सुप्त डोळे असतात. पुढचा कोंब गेला की त्यांपैकी एखादा डोळा जागा होतो. तीन निरोगी कंद वाचले तरी झाड पुन्हा उभे राहू शकते. बहर मात्र एक-दोन वर्षे लांबतो.

कापलेल्या जागेवर दालचिनीची कोरडी पूड चिमटीने दाबावी. ती जखम सुकवते. मुळांवर मात्र ती पडू देऊ नये, कारण मुळेही सुकतात. पुढे पाच-सहा दिवस पाणी देऊ नये. फॅलेनॉप्सिसच्या गाभ्यात कूज सुरू झाली असेल तर तेथील पाणी वातीने टिपून हायड्रोजन पेरॉक्साइडचे ३ टक्के द्रावण थोडेसे घालतात व फेस थांबल्यावर तेही टिपून घेतात. हा उपाय वारंवार करू नये, निरोगी पेशींनाही त्याने इजा होते. कापलेले अवशेष कुंडीत किंवा घरच्या खतात न टाकता पिशवीत बांधून बाहेर टाकावेत.

औषधांचे तारतम्य

बाजारात मिळणारे कोणतेही बुरशीनाशक कोणत्याही कुजीवर चालते, हा मोठा गैरसमज आहे. सर्वत्र सहज मिळणारे कार्बेन्डाझिम हे खऱ्या बुरशींवर काम करते. काळी कूज घडवणाऱ्या फायटोप्थोरा व पिथियमवर त्याचा परिणाम होत नाही, कारण ते खऱ्या बुरशीत मोडतच नाहीत. त्यांच्यासाठी मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटिल ॲल्युमिनियम यांसारखी वेगळी औषधे आहेत. जिवाणूंच्या मऊ कुजीवर ही दोन्ही प्रकारची औषधे सहसा निरुपयोगी ठरतात. तेथे कापणे आणि सुकवणे हाच मुख्य मार्ग. ताम्रयुक्त औषधांचा जिवाणूंवर काही उपयोग होतो, परंतु डेंड्रोबियमला तांबे सोसत नाही, त्याचे कोंब व पाने करपतात. औषध वापरावेच लागले तर वेष्टनावरील मात्रा काटेकोर पाळावी, हातमोजे घालावेत आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅलरीत फवारणी करू नये.

कापलेला कोंब औषधाने परत येत नाही, औषध केवळ उरलेल्या झाडाचे रक्षण करते. ज्या घरात फवारणी मुळातच मनाला पटत नाही, त्या घराने तर सकाळचे पाणी, खेळता वारा, मोकळे मिश्रण आणि कोरडा गाभा यांवरच भर द्यावा. बहुतेक वेळा तेवढे पुरते.

पावसाळ्यातील नित्यक्रम

या साऱ्या काळजीस दररोज दहा मिनिटे लागतात. सकाळी प्रत्येक कोंबाच्या बुडाकडे एक दृष्टी टाकावी, बेचक्यातील पाणी टिपावे, मिश्रणात बोट घालून ओल पाहावी आणि ओल असेल तर त्या दिवशी पाणी टाळावे. आठवड्यातून एकदा कुंड्यांमधील अंतर व छपराची गळती तपासावी. संशयास्पद झाड दिसल्यास त्याच दिवशी वेगळे करावे आणि हात धुऊनच दुसऱ्या झाडाला स्पर्श करावा. घरात शाळकरी मुले असतील तर कोंबाची उंची दर रविवारी मोजून वहीत टिपण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. वाढ अचानक थांबलेली त्या टिपणातून सर्वांत आधी लक्षात येते.

सप्टेंबरअखेर पावसाचा जोर ओसरतो, कोंब भरून कडक होतो आणि त्याची स्वतःची मुळे मिश्रणात उतरलेली असतात. तेव्हा धोका बहुतांशी टळलेला असतो आणि ऑक्टोबरच्या उजेडात पाणी व खत पुन्हा पूर्ववत करण्यास हरकत नसते. तोपर्यंतचे चार महिने हीच खरी कसोटी. या काळात ज्या घराने कोंब कोरडा ठेवला, त्या घराला फुलांसाठी पुन्हा बाजारात जावे लागत नाही.